उरलेल्या ४४० जणांचे काय?

"नावे काढून टाकली आहेत ना, मग त्या माहितीचे कोणी काही का करेना," असे चांगली शिकलेली माणसेही सहज म्हणून जातात. हा समज किती फसवा आहे, हे डेटा मायनिंगचे, म्हणजे माहितीच्या मोठ्या साठ्यातून नियम शोधण्याचे, साधे गणित मांडले की ध्यानात येते.

दुकानातल्या बिलांमधून 'हे घेणारा तेही घेतो' असे नियम शोधण्याची रीत संगणकशास्त्रज्ञ राकेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडली. तिच्यात दोन मापे असतात: ती जोडी एकूण बिलांपैकी कितींत आढळते, आणि पहिली वस्तू असलेल्या बिलांपैकी कितींत दुसरीही आहे. हीच मापे माणसांना लावून पाहू. समजा, १०,००० कर्जदारांमध्ये एकाच पिनकोडचे, मोबाइलवर लहान रकमेचे रिचार्ज करणारे ५०० जण आहेत आणि त्यांपैकी ६० जणांनी हप्ते थकवले. पहिले माप ०.६ टक्के आले, दुसरे १२ टक्के. एकूण कर्जदारांत थकबाकीदार ४ टक्केच असतील, तर या गटाची जोखीम तिप्पट ठरते. नियमात कोणाचेही नाव नाही. तरीही उद्या त्याच पिनकोडवरून अर्ज करणाऱ्या, आजवर एकही हप्ता न चुकवलेल्या बाईला त्यावरून नकार मिळू शकतो, आणि मूळ नोंदींत ती कधी नव्हतीच. गटातल्या ४४० जणांनी वेळेवर पैसे भरले होते, ही गोष्ट नियमात उरतच नाही.

मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, ही समजूत निराधार असल्यामुळे पुराव्यानिशी खोडता येते. वरचा १२ टक्क्यांचा आकडा गटापुरता खरा आहे, म्हणून त्याच्याशी भांडणे अधिक कठीण.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी, गटाचा खरा आकडा एकेका व्यक्तीला लावावा का, हा प्रश्न थेट हाताळला. स्त्री-पुरुषांच्या आयुर्मानातला फरक आकडेवारीत दिसत असूनही, २१ डिसेंबर २०१२ पासून विम्याचा हप्ता लिंगावरून ठरवता येणार नाही, असा निकाल त्याने दिला. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण अचूक आकडा म्हणजे न्याय्य वागणूक नव्हे, हे त्याने मान्य केले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. हा कायदा ओळख पटू शकणाऱ्या व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. त्याच्या आधारे ती बाई आपल्याबद्दलच्या माहितीचा गोषवारा मागू शकते आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेऊ शकते; पण तिचा पिनकोड बरोबर आहे, रिचार्जची रक्कमही बरोबर आहे, आणि ५०० अनोळखी माणसांवरून काढलेला तो नियम तिची वैयक्तिक माहिती नाही.