एक टिक म्हणजे मेसेज अडकला?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच टिक दिसली की मेसेज गेलाच नाही, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. मेसेज फोनमध्येच अडकला असेल तर टिक नाही, छोटं घड्याळ दिसतं. एक टिक म्हणजे सर्व्हरवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या मधल्या संगणकावर, पोचला. दुसरी टिक येते ती सगळ्यांच्या फोनवर पोचल्यावरच. 40 जणांतल्या एकाचा फोन घाटात रेंजबाहेर असला, तर बाकी 39 जणांना मिळूनही टिक एकच! त्या एकासाठी सर्व्हर मेसेज 30 दिवस राखून ठेवतो. म्हणून ‘उद्या पाणी सकाळी 6 ला’ हे तीनदा पाठवू नका. रेंज आली की तिन्ही एकदम येऊन पडतात. मेसेज दाबून धरा, त्याची माहिती उघडा, कुणाला पोचला ते नावानिशी दिसतं. राहिलेल्याला सरळ फोन लावा.