इंजिनाच्या तोंडाशी जमलेला गुंता : पट्टे, पुली आणि ब्रॅकेट यांची पार्श्वभूमी

बेळगावात खानापूर रस्त्यावरच्या उद्यमबागेत लेथकाम करणाऱ्या एका वयस्कर टर्नरकडे मी आमची जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन गेलो, तेव्हा तिच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला चार ब्रॅकेट होते आणि त्यांतल्या दोघांनी काहीच धरलेले नव्हते. वडिलांनी एके काळी बाहेरून एसी बसवून घेतला होता. पुढे कॉम्प्रेसर निघाला, पण त्याला तोलून धरणारा बिडाचा जाड ब्रॅकेट आणि पट्ट्याला वळण देणारी आयडलर पुली जागच्या जागी राहिली, आणि फॅन बेल्ट दर दोन-तीन महिन्यांनी कड उसवून तुटू लागला. मी पट्ट्याच्या दर्जाला नावे ठेवत होतो. टर्नरांनी तुटलेला पट्टा उलटा केला, झिजलेली कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, “बेल्ट खराब न्हाई ओ, रांग खराब हाय.” ही पुलींची रांग कधी, कशासाठी आणि कोणत्या क्रमाने वाढत गेली हे ठाऊक असेल, तरच ती थोड्या पैशांत आणि बिनधोकपणे कमी करता येते.

पट्टा ही सीमाभागाला नवी गोष्ट नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे येथेच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार केले, आणि नगरपालिकेला उपनगरासाठी जागा हवी झाल्यावर १९१० मध्ये ते औंध संस्थानातल्या कुंडल रोडला, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला गेले. त्या पिढीच्या कारखान्यांत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे. छताखालून एक लांब शाफ्ट फिरे, त्याला एकच इंजिन जोडलेले असे, आणि खालच्या प्रत्येक यंत्राला चामड्याच्या सपाट पट्ट्याने त्या शाफ्टवरून गती मिळे. तालुक्याच्या गावातली पिठाची गिरणी आणि ऑइल इंजिनावर चालणारे उसाचे गुऱ्हाळ याच तत्त्वावर वर्षानुवर्षे चालले. मोटारीच्या इंजिनाचे तोंड म्हणजे तोच कारखाना हातभर जागेत बसवलेला असतो : क्रँकशाफ्ट हा मुख्य शाफ्ट, आणि पंखा, पाण्याचा पंप, वीज तयार करणारा डायनॅमो ही त्याच्यावर पोसलेली यंत्रे. म्हणूनच गुऱ्हाळाचे इंजिन दुरुस्त करणाऱ्या माणसाला गाडीच्या पट्ट्याचे दुखणे लवकर कळते, असे माझे मत आहे. पुस्तक वाचून गॅरेज काढलेल्यांना ते तितक्या लवकर कळताना मी पाहिलेले नाही.

सपाट पट्ट्याची अडचण अशी होती की पकड हवी तर तो फार ताणावा लागे, आणि फार ताणला की बेअरिंग खराब होत. १९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबर आणि सूत यांचा पाचरीच्या आकाराचा पट्टा काढला, ज्याला आज आपण व्ही-बेल्ट म्हणतो. हा पट्टा खाचेच्या तळाशी टेकत नाही, तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत रुततो. भिंतींमधला कोन साधारण ४० अंशांचा धरला, तर तेवढ्याच ताणात त्याची पकड सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट होते. खाचेचा तळ घासून चकचकीत झालेला दिसला, तर पट्टा किंवा पुली झिजून पाचर तळाला लागली आहे असे समजावे; तो पट्टा कितीही ताणला तरी घसरणारच. गिरणीवाले ज्याला ‘बी’ मापाचा पट्टा म्हणतात तो वरून १७ मिलिमीटर रुंद असतो आणि ‘ए’ मापाचा १३ मिलिमीटर. जुन्या गाड्यांचे फॅन बेल्ट याच घराण्यातले आहेत, म्हणून अडल्यावेळी गिरणीच्या दुकानातून पट्टा आणून गाडी घरी आणलेले लोक आपल्याकडे सापडतात.

आरंभीच्या गाड्यांत हा पसारा अगदी लहान होता. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये थोड्याच गाड्यांनंतर पाण्याचा पंप काढून टाकण्यात आला, कारण गरम पाणी आपोआप वर चढते आणि रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरते यावरच इंजिनाचे भागत असे. ठिणगीची वीज फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटोतून मिळे, आणि पट्ट्याकडे फक्त पंखा फिरवण्याचे काम उरे. कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलात विजेचा स्टार्टर आणला, त्यासाठी बॅटरी आली, आणि ती भरण्यासाठी जनरेटर, म्हणजेच डायनॅमो आला. यानंतर अनेक दशके क्रँक, पंप-पंखा आणि डायनॅमो असा तीन पुलींचा त्रिकोण जगभर रूढ राहिला. १९५७ पासून आपल्याकडे तयार झालेली अँबेसेडर आणि फियाट ११०० च्या वंशातली पद्मिनी या दोन्ही याच त्रिकोणावर चालल्या. त्यात पट्टा ताणून धरणारा वेगळा टेन्शनर नव्हता. डायनॅमो खालच्या बोल्टवर झुलत असे, वरच्या बाजूला लांबट खाच असलेली पट्टी असे, आणि पट्टा अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबेल इतपत डायनॅमो बाहेर ओढून नट आवळला की काम संपे. ब्रॅकेटने यंत्राला धरायचे आणि तरीही त्याला थोडे सरकू द्यायचे, हे दुहेरी काम तेव्हापासूनचे आहे.

पुढची भर सुखसोयींची होती. पॅकार्डने १९४० च्या गाड्यांत एसी दिला, क्रायस्लरने १९५१ च्या इंपीरियलमध्ये पॉवर स्टिअरिंग आणले, आणि १९६० च्या व्हॅलियंटमध्ये डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला. डायनॅमो इंजिन मंद फिरत असताना जवळपास काहीच देत नसे. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत राही. अल्टरनेटर मंद गतीतही चार्जिंग देतो आणि त्यातून निघणारी वीज फिरण्याच्या दिशेवर अवलंबून नसते, म्हणून तो इंजिनाच्या कोणत्याही बाजूला टांगता येतो. फक्त त्याच्या पंख्याची पाती त्या दिशेची आहेत का ते पाहावे लागते. प्रत्येक नव्या यंत्रासोबत एक नवा पट्टा, क्रँकपुलीवर एक नवी खाच आणि एक नवा ब्रॅकेट आला. पट्टे एकामागे एक असे तीन-चार ओळींत बसू लागले आणि सर्वांत आतला बदलायचा तर बाहेरचे सगळे उतरवावे लागू लागले. जुने एसी कॉम्प्रेसर दोन दट्ट्यांचे, जड आणि हादरे देणारे होते, त्यामुळे त्यांचे ब्रॅकेटही दणकट बिडाचे केले गेले. नंतरचे पाच दट्ट्यांचे गोल कॉम्प्रेसर पुष्कळ हलके झाले, पण बाहेरून एसी बसवणाऱ्यांनी जुन्याच ब्रॅकेटवर पट्टी वेल्ड करून त्यांना बसवले. आमच्या पद्मिनीतले ओझे तिथून आले होते.

या गुंत्यावर कारखानदारांचे उत्तर १९७० च्या दशकात आले. गेट्स कंपनीच्या जिम व्हॅन्स यांनी १९७४ मध्ये सर्व पुलींमधून सापासारखा वळसे घेत जाणारा एकच रुंद, पातळ पट्टा योजला आणि १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये तो दिसला. त्याच्या आतल्या बाजूला लांबीने धावणाऱ्या बारीक शिरा असतात. पट्ट्यावर ‘६पीके१२००’ असे छापलेले असले, तर शिरा सहा, त्यांमधले अंतर ३.५६ मिलिमीटर आणि लांबी १२०० मिलिमीटर असे समजायचे. हा पट्टा पाठीनेही पुली फिरवू शकतो, आणि स्प्रिंगचा टेन्शनर ताण आपोआप राखतो. मात्र एक जरी बेअरिंग अडकले तरी पंप, चार्जिंग, स्टिअरिंग सगळे एकदम थांबते. शिवाय पट्ट्याच्या पाठीवर फिरणारा पाण्याचा पंप उलट्या दिशेने फिरतो आणि त्याची आतली पातीही उलटी असतात. इंजिन बदलताना किंवा पट्टे कमी करताना जुन्या दिशेचा पंप नव्या मार्गावर बसवला, तर गळती कुठेच नसते, पट्टाही ताठ असतो, आणि आंबोली घाटात गाडी तापते.

मधल्या काळात भार कमी करण्याची दुसरी वाट निघाली : पट्ट्याचे काम विजेकडे देण्याची. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे होते, त्यामुळे रेडिएटरचा पंखा विजेवर गेला. सुझुकीनेच १९८८ मध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत विजेचे पॉवर स्टिअरिंग दिले, आणि टोयोटाच्या २००९ च्या प्रियसमध्ये पाण्याचा पंपही विजेवर गेल्याने बाहेरचा पट्टा उरलाच नाही.

थोड्या खर्चात पसारा कमी करू पाहणाऱ्याला या इतिहासातून काढता येण्याजोगे आणि न काढण्याजोगे असे दोन्ही दिसते. विजेचा पंखा बसवला तर पंख्याचे पाते उतरते, पण पंप राहतोच. बंद पडलेला एसी किंवा पुढे कुणीतरी घातलेला स्टिअरिंग पंप ब्रॅकेटसकट निघू शकतो. डिझेल गाडीत मात्र घाई करू नये. आपल्याकडच्या कित्येक जीप, ट्रॅक्स आणि सुमोंत डिझेल इंजिन आहे, आणि डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी हवेची पोकळी (व्हॅक्यूम) तयार होत नसल्याने ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप वेगळा लागतो. तो अनेकदा अल्टरनेटरच्याच पाठीला असतो. अल्टरनेटर बदलला आणि हे विसरले, तर चोर्ला घाट उतरताना ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट लागते. क्रँकपुलीच्या बाबतीतही असेच आहे. काही इंजिनांत ती दोन लोखंडी कड्यांमध्ये रबर भरलेली असते आणि क्रँकशाफ्टची थरथर शोषते. तिच्या जागी लेथवर घडवलेली हलकी, सलग पुली टाकली तर खर्च वाचतो आणि क्रँकशाफ्ट धोक्यात येतो. कायद्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा संबंध नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी येतो, त्यामुळे इंजिन बदलणे आणि ब्रॅकेट कापणे यांत फरक आहे.

आमच्या गाडीचे काम दीड दिवसात झाले. टर्नरांनी प्रथम दोन्ही रिकामे ब्रॅकेट आणि आयडलर उतरवले, मग क्रँकपुलीच्या कडेला पोलादी सरळ पट्टी टेकवून पंपाच्या पुलीपर्यंत नेली. डायनॅमोच्या जागी आलेला अल्टरनेटर सुमारे चार मिलिमीटर मागे बसला होता. पुलींमधल्या फूटभर अंतराला दीड मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर पट्टा एका भिंतीला घासून कड उसवतो. म्हणजे चूक आमच्या डोळ्यांसमोर होती, फक्त वरच्या अडगळीमुळे पट्टी टेकवायला जागा मिळत नव्हती. त्यांनी चार मिलिमीटरचे बुश लेथवर कापून अल्टरनेटरच्या कानामागे घातले, वायसरची चळत घातली नाही, कारण वायसर दबतात आणि रांग पुन्हा हलते. वरची खाचेची पट्टी त्यांनी आठ मिलिमीटर प्लेटची नवी कापली. पट्ट्याची लांबी सुतळीने काढली : अल्टरनेटर खाचेच्या मध्यावर ठेवून तिन्ही पुलींभोवती सुतळी फिरवली, गाठीच्या जागी खडूने खूण केली आणि ती सरळ ताणून मोजली, म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे सरकायला वाव उरतो.

नवा पट्टा मूळच्या पट्ट्यापेक्षा आखूड निघाला. आता पद्मिनीच्या कोणत्याही सूचीत तो क्रमांक सापडणार नाही, म्हणून मी तो बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने लिहून ठेवला आहे.