दूरचित्रवाणीचे दुष्परिणाम

दूरचित्रवाणी संचासमोर तासन्‌तास बसल्यामुळे, तसेच त्यावरील कार्यक्रमांमुळे व्यक्तीच्या शरीरावर, मनावर आणि समाजजीवनावर होणारे अनिष्ट परिणाम. याविषयीची चर्चा बहुधा पडद्यावर काय दाखवतात याभोवतीच फिरते. पण टीव्हीपायी जे करायचे राहून जाते, त्याचे नुकसान त्याहून मोठे आहे. झोप, खेळ, वाचन, एकमेकांशी बोलणे यांच्या वाट्याचा वेळ टीव्ही खातो आणि हा तोटा कुठे नोंदला जात नसल्याने लवकर लक्षातही येत नाही.

हा परिणाम मोजायचा तर टीव्ही न पोहोचलेले गाव हवे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एका दरीत असे गाव १९७३ मध्ये संशोधकांना सापडले. मानसशास्त्रज्ञ टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांनी त्याचे खरे नाव झाकून त्याला ‘नोटेल’ म्हटले. टीव्ही येण्याच्या सुमारास आणि त्यानंतर दोन वर्षांनी अशी दोनदा पाहणी झाली. तुलनेसाठी जवळपास तशीच दोन गावे घेतली होती. एकात एकच वाहिनी दिसे, दुसऱ्यात अनेक. सुरुवातीला नोटेलची मुले नवनव्या कल्पना सुचण्याच्या चाचण्यांत इतर दोन्ही गावांच्या पुढे होती. दोन वर्षांत ही आघाडी पुसली गेली. शाळेच्या मैदानावरची मारामारी आणि शिवीगाळ वाढली. खेळांतला आणि गावातल्या कार्यक्रमांतला लोकांचा सहभाग घटला. गाव तेच होते, माणसे तीच होती. संध्याकाळी घराबाहेर पडायचे कारण तेवढे उरले नव्हते.

कोणी पाहत नसताना नुसता चालू ठेवलेला टीव्हीही निरुपद्रवी नसतो. एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन शेजारी मोठ्यांचा कार्यक्रम चालू ठेवण्याचा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले पडद्याकडे फार वेळ पाहत नव्हती. मूल मान वर करी, काही क्षण बघे, पुन्हा खेळण्याकडे वळे. तेवढ्यानेही खेळ तुटक होत गेला आणि एका खेळण्यात रमण्याचा काळ घटला. घरातल्या मोठ्यांचे बोलणेही आटते. २००९ मधील एका अमेरिकी अभ्यासात, ऐकू येणाऱ्या टीव्हीच्या प्रत्येक तासामागे लहान मुलाच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० ने कमी आढळले. भाषा ज्या वयात रुजते, त्याच वयात ही उपासमार होते.

शारीरिक परिणाम बैठेपणाशी जोडलेले आहेत. रोजच्या दर दोन तासांच्या टीव्हीमागे मधुमेहाचा (टाइप २) धोका सुमारे २० टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा सुमारे १५ टक्क्यांनी अधिक असल्याचे अनेक अभ्यासांच्या २०११ च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. पडद्याकडे बघत किती खाल्ले याचे भान राहत नाही, त्यात खाद्यपदार्थांच्या जाहिरातींची भर पडते.

आशयाचे परिणाम वेगळे. माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या संशोधनातून असे दिसले की, अतिप्रमाणात टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्याहून जास्त हिंसक आणि माणसे अविश्वासू वाटतात. अशी भ्यालेली माणसे कठोर उपायांच्या आश्वासनांना सहज भुलतात, ही गर्बनर यांना वाटणारी काळजी आजही तितकीच रास्त आहे.

सौंदर्याच्या कल्पनाही पडद्यावरून येतात. फिजीच्या नाद्रोगा भागात भरलेला बांधा चांगला समजला जाई. तिथे १९९५ मध्ये टीव्ही आला. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या शाळकरी मुली त्या वर्षीच्या पाहणीत एकही नव्हत्या. १९९८ मध्ये त्यांचे प्रमाण ११.३ टक्के होते.

सर्वत्र असेच घडते असे मात्र नाही. सेंट हेलेना बेटावर १९९५ मध्ये टीव्ही आल्यावर मुलांच्या गैरवर्तनात वाढ आढळली नाही. सगळे एकमेकांना ओळखतात आणि मुलांवर मोठ्यांची नजर असते, हे त्याचे कारण अभ्यासकांनी दिले. म्हणजे नोटेलमध्ये जे विरत गेले, त्यानेच इथे मुलांना सावरले.

उपायांत कायद्याचा वाटा आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९८० पासून १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिराती करण्यास बंदी आहे, तर स्वीडनने १९९१ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठीच्या टीव्ही जाहिराती बंद केल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको. घरच्या पातळीवर काय साधते, हे कॅलिफोर्नियातील १९९९ च्या प्रयोगातून कळते. तिसरी-चौथीच्या मुलांनी आधी दहा दिवस टीव्ही पूर्ण बंद ठेवायचा आणि मग आठवड्याला सात तासांचीच मुभा घ्यायची, असे ठरले होते. व्यायाम किंवा आहाराचा वेगळा कार्यक्रम नव्हता. तरीही शालेय वर्षाअखेरीस या मुलांची वजनवाढ दुसऱ्या शाळेतील मुलांपेक्षा कमी भरली.