माउसचा बाण उड्या मारतोय? सीपीयू उचलण्याआधी हे वाचा

ग्राहकांना एक विनंती आहे: नुसता सीपीयू घेऊन येऊ नका. बाण थरथरतो, अडकतो, एकदम कोपऱ्यात पळतो अशी तक्रार असली की बहुतेक जण जड सीपीयू उचलून आणतात आणि माउस मात्र घरी टेबलावरच राहतो. इथे दुरुस्तीच्या दुकानात आमचा माउस, आमचं पॅड आणि नीट अर्थिंग असलेला बोर्ड मिळाला की तोच सीपीयू तासभर बिनतक्रार चालतो. दोष घरी राहिलेला असतो. मग पुन्हा खेप, रिक्षाभाडं आणि एक दिवस वाया.

म्हणून आधी घरीच दोन मिनिटं द्या. माउस उलटा करा. जिथून लाल प्रकाश येतो त्या छोट्या खिडकीत केस किंवा कापसाचा तंतू अडकला आहे का ते बघा. एकच केस पुरतो. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि लागोपाठच्या फोटोंमधल्या फरकावरून हात किती सरकला ते ठरवतो. भिंगासमोर केस हलत असला की माउस जागेवर असूनही बाण थरथरतो. फुंकर मारा, मग कोरड्या इअरबडने हलकेच पुसा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लास्टिकचं भिंग कायमचं धुरकट होतं. टेबलावर काच किंवा चकचकीत सनमायका असेल तर माउसखाली कोरा कागद ठेवा. त्यावर बाण सुधारला तर दुरुस्ती संपली. पॅड घ्या, आमच्याकडून किंवा कुठूनही.

यानंतर वायर बघा. माउसमध्ये शिरते तिथेच ती आतून तुटते. तिथे दोन बोटांत धरून हळू वाकवा. विंडोजचा यूएसबी काढल्या-घातल्याचा आवाज येऊ लागला तर वायर गेली. आवाज न येता नुसताच बाण अडत असेल तर माउस सीपीयूच्या मागच्या पोर्टात लावा. पुढचे पोर्ट आतल्या बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ढिले होतात.

गोल हिरव्या पिनचा जुना माउस असेल तर एक सांगतो: ती पिन कॉम्प्युटर बंद करूनच काढा-घाला. हा माउस आपली हालचाल तीन किंवा चार बाइटच्या गठ्ठ्यात पाठवतो. पिन ढिली असली की मधला एखादा बाइट गळतो, पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं, बाण भिरभिरतो आणि मेनू आपोआप उघडतात. लोक याला व्हायरस समजतात.

वायरलेस असेल तर आधी सेल बदला. सेल नवा असूनही अडकत असेल तर रिसीव्हरच्या (माउससोबत येणारा, यूएसबीत लावायचा छोटा तुकडा) शेजारी निळ्या पोर्टात पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावली आहे का ते पाहा. निळा पोर्ट बहुधा यूएसबी ३.० चा असतो, आणि त्याचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि रिसीव्हरही तिथेच ऐकतो. रिसीव्हर पुढच्या पोर्टात लावा किंवा मीटरभर एक्स्टेंशन वायरने लांब न्या.

एवढं करूनही खात्री नसेल तर ओटीजी पिन (यूएसबी वस्तू मोबाइलला जोडणारी छोटी पिन) लावून माउस मोबाइलला जोडा. अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर बाण येतो. तिथेही तो उड्या मारत असेल तर सीपीयू निर्दोष आहे, फक्त माउस घेऊन या.

लॅपटॉपचा टचपॅड चार्जर लावल्यावरच बिघडत असेल तर घरातलं अर्थिंग तपासा. थ्री पिनला टू पिन कन्व्हर्टर लावलेला असतो तिथे हे हमखास दिसतं. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर मात्र बॅटरी फुगली असू शकते. चार्जिंग लगेच थांबवा, लॅपटॉप बंद करा आणि दाबायला जाऊ नका.

“फॉरमॅट मारून द्या” म्हटल्यावर आम्ही लगेच मारत नाही, याचा काहींना राग येतो. पण फॉरमॅटने केस निघत नाही की वायर सांधत नाही. उलट डेस्कटॉपवरचे फोटो जातात, प्रिंटर आणि मराठी टायपिंग पुन्हा बसवावं लागतं. कॉम्प्युटरचाच दोष असेल तेव्हा तो वेगळा दिसतो: बाण काही सेकंद गोठतो, मग एकदम पुढे जातो. तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दाखवत असेल तर फोटोंची दुसरी प्रत आजच काढून ठेवा आणि सीपीयू आणा. हार्ड डिस्क तपासून, गरज असेल तरच एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) सुचवू.

येताना माउस, रिसीव्हर आणि वापरातलं पॅड पिशवीत टाका. मॉनिटर नको. शक्य असेल तर हात आणि पडदा दोन्ही दिसतील असा वीस सेकंदांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून आणा. नवा माउस घ्यायचा ठरला तर तो तुमच्याच सीपीयूवर, तुमच्याच पॅडवर चालवून दाखवतो, मगच बिल करतो.