सचोटी (ख्रिस्ती जीवनातील)

ख्रिस्ती विचारात सचोटी म्हणजे अखंडपणा: देवासमोर, चारचौघांत आणि एकांतात माणूस एकच असणे. जुन्या करारातला मूळ हिब्रू शब्द ‘तोम’. त्याच धातूपासून आलेला ‘तामीम’ हा शब्द अर्पणाच्या अव्यंग पशूलाही लावतात. मराठी बायबलमध्ये दुःखे सोसूनही देवनिष्ठ राहिलेल्या ईयोबाला याच अर्थाने ‘सात्त्विक’ म्हटले आहे. निष्पाप असणे मात्र वेगळे, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. इस्राएलाचा राजा दाविद याच्या हातून व्यभिचार आणि खून घडला, तरी स्तोत्र 78:72 त्याच्या मनाच्या सचोटीची नोंद घेते. नाथान संदेष्ट्याने तोंडावर दोष ठेवताच त्याने एकही सबब न सांगता पाप कबूल केले होते.

जुन्या करारातले मोशेचे नियमशास्त्र सचोटीची परीक्षा व्यापाऱ्याच्या वजनांच्या थैलीपासून सुरू करते. पूर्वी वजने दगडाची असत. जड दगडाने माल घ्यायचा, हलक्याने विकायचा. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. म्हणून बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाचे वचन 25:13 असे दोन दगड नुसते जवळ बाळगायलाही मनाई करते.

बोलण्याबद्दल येशूची शिकवण मत्तय 5:37 मध्ये आहे: होय तर होय, नाही तर नाही. शपथ लागते ती एरवीच्या बोलण्यावर भरवसा नसतो म्हणूनच. इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हे शब्दशः घेतले. 17व्या शतकात त्यांनी न्यायालयातही शपथ नाकारून तुरुंगवास सोसला आणि दुकानात घासाघीस बंद करून सर्वांना एकच भाव लावला.

पहिल्या ख्रिस्ती मंडळीत (समुदायात) हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमीन विकून पैसे दान दिले. त्यांच्यावर सगळे पैसे देण्याची सक्ती नव्हती. येशूचा शिष्य पेत्र तसे स्पष्ट सांगतो. काही ठेवून घेऊन सगळे दिल्याचा देखावा केला, तिथे ते चुकले. मंडळीच्या पैशाबाबत प्रेषित पौल फार दक्ष होता. यरुशलेमेसाठीच्या वर्गणीच्या कामी त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू दिला (2 करिंथ 8). त्याच न्यायाने दानपेटी एका घरातले नसलेल्या दोघांनी, पैसे जागेवरून हलवण्याआधी मोजावी आणि आकड्याखाली दोघांनी सही करावी. एकट्याच्या हाती हिशेब राहिला की प्रामाणिक माणूसही संशयात सापडतो.

सचोटी मोडली तर नुसती प्रार्थना पुरत नाही. बायबलमधील ‘गणना’ या पुस्तकाच्या 5:7 प्रमाणे कबुली द्यावी आणि मूळ रकमेवर पाचवा हिस्सा घालून परत करावी. 100 बुडवले तर 120. हे पैसे ज्याचे नुकसान झाले त्याचे, तो हयात नसेल तर जवळच्या नातलगाचे. येशूला भेटलेल्या जक्कय जकातदाराने मात्र चौपट देऊ केले. मेंढरू चोरून कापणाऱ्याचा दंड (निर्गम 22:1) त्याने आपण होऊन स्वतःला लावला. कॅथलिक परंपरेतही पापनिवेदनात क्षमा मिळाली तरी चोरलेले परत करण्याचे बंधन उरते. समोर जाणे शक्यच नसेल, तर नाव उघड न करता धर्मगुरूमार्फत रक्कम पोचवता येते.