लटकता गोळा आणि रबरी बैठक: दोन वेगळ्या यंत्रणा

तैपेई 101 या 508 मीटर उंच इमारतीत टांगलेला सोनेरी पोलादी गोळा ‘भूकंपापासून वाचवणारा गोळा’ म्हणून समाजमाध्यमांवर फिरत असतो, आणि 2001 च्या भूकंपानंतर भूजमध्ये बांधलेल्या रुग्णालयाखालच्या रबरी बेअरिंगांचे वर्णनही बहुतेकदा याच शब्दांत केले जाते. बेअरिंगांच्या बाबतीत ते बरोबर आहे. गोळ्याच्या बाबतीत मात्र त्यात तथ्य थोडे आणि अतिशयोक्ती फार आहे.

रबरी बेअरिंग नागपूरकरांना तसे अनोळखी नाही. उड्डाणपुलाखालून जाताना वर पाहिले, तर खांबाचा माथा आणि गर्डर यांच्यामध्ये काळी चकती दिसते. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढला की लांबणाऱ्या गर्डरला सरकायला वाव मिळावा, हे तिचे एक काम. इमारतीच्या पायाशी बसवले जाणारे असे बेअरिंग, म्हणजे बेस आयसोलेटर, याच घराण्यातला असून त्यात रबर व पोलादी पत्र्यांचे आलटून पालटून थर असतात आणि पुष्कळदा मधोमध शिशाचा गाभा असतो. जमीन हादरली की तो आडवा सरकतो, शिसे वाकताना ऊर्जा शोषून घेते आणि वरच्या इमारतीपर्यंत धक्क्याचा थोडाच भाग पोहोचतो. तीन-चार मजली ताठ इमारतीचे एक आंदोलन अर्ध्या सेकंदाच्या आत पुरे होते आणि भूकंपाचा जोरही साधारण त्याच तालात असतो. आयसोलेटर तो काळ दोन-तीन सेकंदांवर नेऊन ताल मोडतो.

गगनचुंबी इमारतीला हे औषध लागूच पडत नाही. तैपेई 101 चे एक आंदोलन मुळातच सुमारे सात सेकंदांचे आहे. शिवाय इतक्या उंच इमारतीला वारा उलथवू पाहतो, तेव्हा एका बाजूची बेअरिंगे उचलली जाण्याची भीती असते, आणि ताण सोसण्यात रबर कच्चे.

तिची खरी डोकेदुखी म्हणजे वारा. इमारतीच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि झोपाळ्याला ताल साधून धक्के द्यावेत तसे तिला झुलवतात. तिथे मास डँपर, म्हणजे झोका शमवणारे टांगते वजन, कामी येतो. 660 टनांचा तो गोळा 92 व्या मजल्यावरून तारांनी टांगला आहे. त्याचा झोका इमारतीच्या झोक्याशी जुळवलेला असल्याने तो मागे पडून उलट खेचतो आणि खालचे तेलाचे डँपर ही हालचाल उष्णतेत जिरवतात. ऑगस्ट 2015 च्या सौदेलोर वादळात तो सुमारे एक मीटर झुलला होता. यातून मुख्यतः वरच्या मजल्यावरच्या माणसाची मळमळ टळते. इमारत उभी राहते ती कडेच्या आठ महास्तंभांच्या व त्यांना गाभ्याशी बांधणाऱ्या कैच्यांच्या बळावर. भूकंपाचे धक्के वेगवेगळ्या तालांचे आणि अल्पकाळाचे असतात, त्यामुळे एकाच तालाला जुळवलेला गोळा तिथे मर्यादितच उपयोगी ठरतो.

828 मीटरच्या बुर्ज खलिफात असा गोळाच नाही. त्याचा तीन पाकळ्यांचा आराखडा आणि वर जाताना टप्प्याटप्प्याने घटणारा आकार भोवऱ्यांना एक ताल धरूच देत नाही, आणि माझ्या मते हा उपाय गोळ्यापेक्षा अधिक देखणा आहे.

नागपुरातल्या वीसेक मजल्यांच्या इमारतीत यांपैकी सहसा काहीच नसते. वारा आणि भूकंप या दोहोंचा भार तिथे मुख्यतः लिफ्ट व जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती पेलतात.