संघाचा व्यवस्थापक आणि संघाचा प्रशिक्षक: दोन पदे, दोन वाटा

वडोदऱ्यातील मराठी घरांमध्ये क्रिकेटची ओढ जुनी आहे, आणि खेळाडू म्हणून पुढे जाण्याची आशा मावळू लागली की ‘मग संघाचा मॅनेजर हो’ असा सल्ला मुलामुलींना हमखास मिळतो. सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र बहुतेक वेळा प्रशिक्षकच असतो. दोन्ही पदांची माणसे एकाच ड्रेसिंग रूममध्ये, एकाच रंगाच्या टी-शर्टात वावरतात, त्यामुळे ही गल्लत स्वाभाविक असली तरी त्यांची कामे, त्यांना लागणारे शिक्षण आणि त्यांतून होणारी कमाई यांत इतका फरक आहे की अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी तो समजून घेतलेला बरा.

गोंधळाला इतिहासाचाही हातभार आहे. १९५९ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा दत्ताजीराव गायकवाड कर्णधार होते आणि बडोद्याचे महाराज फत्तेसिंगराव गायकवाड व्यवस्थापक. दौऱ्यावर स्वतंत्र प्रशिक्षक पाठवण्याची रीत त्या काळी नव्हती. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून गेलेले हेमू अधिकारी हे स्वतः कसोटीपटू आणि लष्करी अधिकारी. त्यांनी खेळाडूंच्या तंदुरुस्तीकडे आणि क्षेत्ररक्षणाकडेही लक्ष पुरवले. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघासोबत पी. आर. मानसिंग हे व्यवस्थापक होते, प्रशिक्षक कोणीच नव्हता. पुढे १९९२ ते १९९६ या काळात अजित वाडेकरांनी ‘क्रिकेट मॅनेजर’ या नावाखाली जे काम केले ते बहुतांशी आजच्या मुख्य प्रशिक्षकाचे होते. दत्ताजीरावांचे चिरंजीव अंशुमान गायकवाड १९९७ मध्ये राष्ट्रीय संघाकडे आले ते प्रशिक्षक म्हणूनच, आणि २००० मध्ये जॉन राइट यांची नेमणूक झाल्यावर पूर्णवेळ प्रशिक्षकाचे पद कायमचे रुजले. एकाच गावाच्या दोन गायकवाडांनी ही दोन वेगळी पदे सांभाळली, हे येथील जुन्या क्रिकेटप्रेमींना सांगावे लागत नाही. नव्या पिढीला मात्र सांगावे लागते.

इंग्लंडच्या फुटबॉलमुळे या गोंधळात भर पडते. तेथे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ एवढा प्रदीर्घ काळ मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर होते. संघनिवड, डावपेच, सराव आणि खेळाडूंच्या खरेदीविक्रीतील शब्द हे सारे त्यांच्याकडे होते. दूरचित्रवाणीवर ते पाहून वाढलेल्या मुलाला भारतातही तसेच असेल असे वाटणे साहजिक आहे. आपल्याकडे फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्येसुद्धा खेळाची सूत्रे मुख्य प्रशिक्षकाकडे असतात आणि टीम मॅनेजर हा वेगळा माणूस असतो.

मग हा वेगळा माणूस दिवसभर करतो काय? प्रवासाची तिकिटे, हॉटेलातील खोल्यांची वाटणी, सराव आणि सामन्याच्या दिवशीच्या बसच्या वेळा, दैनिक भत्त्याचा हिशेब, किटच्या पेट्या आणि जेवणाची सोय ही कामे बाहेरून दिसतात. बाहेरून न दिसणारी कामे अधिक जोखमीची असतात. वयोगटाच्या स्पर्धांत जन्मदाखल्यापासून नोंदणीपर्यंतची प्रत्येक खेळाडूची कागदपत्रे बिनचूक असावी लागतात. वरच्या स्तरावर, सामना चालू असताना ड्रेसिंग रूममधील मोबाइलबंदीसारखे भ्रष्टाचारप्रतिबंधक नियम पाळले जातात की नाही, हे पाहण्यात व्यवस्थापकाचा मोठा वाटा असतो. एखाद्या खेळाडूवर आचारसंहितेच्या भंगाचा आरोप झाला तर सामनाधिकाऱ्यांपुढे त्याच्यासोबत जाणारा माणूसही सामान्यतः तोच असतो. रात्री अकरा वाजता सतरा वर्षांच्या मुलाला ताप आला तर डॉक्टर शोधणे आणि त्याच्या आईवडिलांना न घाबरवता फोन करणे, हेही त्याच्याच वाट्याला येते. माझ्या मते या पदाची खरी परीक्षा येथेच होते, आणि ती कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

प्रशिक्षकाविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण त्याची वाट आखलेली आहे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवत आली आहे. क्रिकेटमध्ये नियामक मंडळाचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आहेत आणि फुटबॉलमध्ये परवान्यांची श्रेणी आहे. हाती प्रमाणपत्र असेल तर शाळा, अकादमी किंवा क्लबमध्ये काम मिळू शकते, आणि प्रगती मोजता येते.

व्यवस्थापकासाठी अशी सक्तीची सनद नाही. पुण्याच्या सिम्बायोसिससारख्या संस्थांमध्ये क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण मिळते, पण त्याचा भर स्पर्धांचे आयोजन, प्रायोजकत्व, विपणन आणि कायदा यांवर असतो; तेथून बाहेर पडणारा विद्यार्थी बहुधा एखाद्या कंपनीत किंवा लीगच्या कार्यालयात जातो, संघाच्या बसमध्ये नव्हे. राज्य संघटनांच्या संघांवर व्यवस्थापकाची नेमणूक अनेकदा एका मोसमापुरती, कधी एका स्पर्धेपुरतीच होते, आणि ती संघटनेत वर्षानुवर्षे वावरलेल्या, विश्वासातल्या माणसाकडे जाते. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. पण जो तरुण केवळ पदवीच्या बळावर या पदाची वाट पाहील त्याला फार काळ पाहावी लागेल. अगदी राष्ट्रीय पुरुष संघासाठीसुद्धा २०१७ मध्ये मंडळाने जाहिरात देऊन अर्ज मागवले तेव्हा मुदत एक वर्षाचीच होती. नियमित पगाराचे काम प्रामुख्याने फ्रँचायझी संघांकडे आहे, आणि तेथेही हंगाम संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतो. म्हणून पोटापाण्याची दुसरी सोय ठेवूनच या क्षेत्रात उतरावे, हे पालकांचे म्हणणे मला जुनाट वाटत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कोटंबीच्या नव्या मैदानावर महिला प्रीमियर लीगचे सामने झाले तेव्हापासून शहरातील अनेक मुलींनाही या कामाचे आकर्षण वाटू लागले असेल, तर त्यांनी आरंभ विद्यापीठाच्या संघापासून करावा. आंतरविद्यापीठीय स्पर्धांना जाणाऱ्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संघांसोबत प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशी दोन्ही माणसे लागतात. त्यांपैकी व्यवस्थापकाला मदत करण्याची तयारी दाखवली, पात्रतेचे अर्ज भरण्यापासून परतीच्या गाडीच्या आरक्षणापर्यंतचा एक दौरा जवळून पाहिला, की नेट्सजवळ उभे राहावेसे वाटते की यादी हातात घेऊन बसच्या दाराशी, याचा निर्णय स्वतःलाच करता येतो.